शेअर्ड लायब्ररीतली नावं : काय उघडं ठेवायचं, काय झाकायचं

सी किंवा सी++ मध्ये पहिल्यांदा शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम चालू होताना त्याला जोडली जाणारी .एसओ फाइल) बांधणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच सांगितलं जातं : -एफपीआयसी लावून कंपाइल कर, -शेअर्ड लावून लिंक कर, झालं. लायब्ररी तयार होते, चालतेही. पण तिच्यातलं स्टॅटिक नसलेलं प्रत्येक फंक्शन आणि प्रत्येक ग्लोबल व्हेरिएबल बाहेर दिसत राहतं, हे कुणी सांगत नाही. त्याचा त्रास उशिरा होतो. आणि होतो तेव्हा एरर येत नाही, उत्तर चुकतं.

म्हणून नव्याने लायब्ररी लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच आग्रहाचं सांगणं असतं. सुरुवातच सगळी नावं झाकून करा आणि लागतील तेवढीच उघडा. झाकलेलं नाव पुढे कधीही उघडता येतं. उघडं राहिलेलं नाव मात्र नंतर झाकायला गेलात, तर तोवर त्यावर विसंबलेला कुणाचा तरी प्रोग्राम बंद पडतो.

लेखात लिनक्स, ईएलएफ फाइल (लिनक्सवर प्रोग्राम आणि लायब्ररी ज्या स्वरूपात साठवतात ते) आणि जीसीसी किंवा क्लँग हे कंपाइलर धरून चाललो आहे. आज्ञा आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. अक्षर कॅपिटल असणं महत्त्वाचं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी सिम्बॉल वाचायला शिका

ऑब्जेक्ट फाइलमध्ये, म्हणजे एक सोर्स फाइल कंपाइल होऊन निघालेल्या .ओ फाइलमध्ये, प्रत्येक फंक्शनची आणि व्हेरिएबलची एक नोंद असते, तिला सिम्बॉल म्हणतात. ६४ बिट ईएलएफमध्ये ही नोंद २४ बाइटची. तिच्यात नाव, पत्ता, आकार आणि सेक्शन असतोच, पण आपल्या कामाच्या गोष्टी दोन छोट्या बाइटमध्ये दडलेल्या असतात. पहिल्या बाइटच्या वरच्या चार बिटांत बाइंडिंग असतं आणि खालच्या चार बिटांत प्रकार, म्हणजे हे फंक्शन आहे की डेटा. दुसऱ्या बाइटच्या खालच्या दोन बिटांत व्हिजिबिलिटी असते.

बाइंडिंग आणि व्हिजिबिलिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, त्यामुळे इथे थोडं थांबू या.

बाइंडिंग ऑब्जेक्ट फाइली एकमेकींना जोडताना कामाला येतं. लोकल नाव त्या एका फाइलपुरतंच असतं. ग्लोबल नाव इतर फाइलींनाही मिळतं, आणि तेच नाव दोन ठिकाणी ग्लोबल म्हणून लिहिलं असेल तर लिंकर अडून बसतो. वीक नाव ग्लोबलसारखंच, पण पडती बाजू घेणारं : समोर ग्लोबल व्याख्या आली की हे गुमान बाजूला होतं.

व्हिजिबिलिटीचा प्रश्न पुढचा आहे. जोडणी होऊन लायब्ररी तयार झाल्यावर हे नाव तिच्याबाहेर दिसणार का? डिफॉल्ट असेल तर दिसतं, शिवाय बाहेरचा कुणी त्याच नावाची आपली व्याख्या पुढे करून ते बदलूही शकतो. हिडन असेल तर लायब्ररीतल्या सगळ्या फाइलींना मिळतं, बाहेर मात्र नाही. प्रोटेक्टेड बाहेर दिसतं, पण लायब्ररीच्या आतले कॉल आतच राहतात. इंटर्नल नावाचा चौथा प्रकारही आहे, तो तुम्हाला लागणार नाही.

म्हणजे एखादं नाव ऑब्जेक्ट फाइलमध्ये एकाच वेळी ग्लोबल आणि हिडन असू शकतं, आणि ते अगदी रास्त आहे. लायब्ररी लिंक झाली की लिंकर त्याला लोकल करून टाकतो आणि बाहेर दाखवायच्या यादीत घालत नाही. या यादीला डायनॅमिक सिम्बॉल टेबल म्हणतात.

ही माहिती पाहायची दोन साधनं :

एनएम फाइल.ओ
रीडएल्फ -एस --वाइड फाइल.ओ

रीडएल्फमध्ये -एस स्मॉल. त्याच्या तक्त्यात बाइंडिंग, व्हिजिबिलिटी आणि सेक्शन यांचे रकाने वेगवेगळे दिसतात, म्हणून शिकताना तेच वापरा. एनएम आटोपशीर आहे. तिथे कॅपिटल टी म्हणजे बाहेर जाणारं फंक्शन, स्मॉल टी म्हणजे लोकल, यू म्हणजे इथे वापरलंय पण व्याख्या दुसरीकडे आहे, आणि डब्ल्यू म्हणजे वीक. तयार लायब्ररीवर एनएम चालवताना कॅपिटल -डी लावायला विसरू नका. त्याशिवाय ते आतलं सगळं टेबल दाखवतं, बाहेर नेमकं काय जातंय ते कळत नाही.

बिघाड स्वतः करून पाहा

हे वाचून पटत नाही, करून पाहिलं की पटतं. दोन छोट्या लायब्ररी करा. एकीचं नाव लिबव्याज, दुसरीचं लिबहप्ता. लिबव्याजमध्ये व्याज.सी आणि गोल.सी अशा दोन फाइली. व्याज.सीमध्ये व्याज_काढा हे फंक्शन, आणि गोल.सीमध्ये गोल_करा नावाचं मदतनीस फंक्शन, जे रक्कम पैशांपर्यंत, म्हणजे दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत नेतं. लिबहप्ताचीही रचना तशीच, पण तिथलं गोल_करा रक्कम पूर्ण रुपयात आणतं. दोन वेगळ्या लोकांनी, एकमेकांना न विचारता असं लिहिणं अगदी सहज घडतं. दोन्ही फंक्शनं एक डबल घेतात आणि एक डबल देतात.

जीसीसी -एफपीआयसी -शेअर्ड व्याज.सी गोल.सी -ओ लिबव्याज.एसओ -एलएम

लिबहप्ता तिच्या फोल्डरमध्ये अशीच बांधा आणि दोन्ही एका जागी आणा. मग पाच लाखांच्या कर्जावर ९ टक्के दराने ६० महिन्यांचा हप्ता काढणारा छोटा प्रोग्राम लिहा. व्याज_काढालाही त्यातून एकदा हाक मारा, म्हणजे दोन्ही लायब्ररी खरोखर जोडल्या जातील.

जीसीसी मुख्य.सी ./लिबहप्ता.एसओ ./लिबव्याज.एसओ -ओ मुख्य

उत्तर १०३७९.०० येतं, हवं तसं पूर्ण रुपयात. आता आज्ञेतल्या दोन लायब्ररींची फक्त जागा बदला, लिबव्याज आधी घ्या. हप्ता १०३७९.१८ होतो. कोडची एक ओळ बदलली नाही, लिंकर एका शब्दानं बोलला नाही, आणि हप्ता बदलला.

असं का, ते डायनॅमिक लोडरच, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा भागच, सांगतो :

एलडी_डीबग=बाइंडिंग्ज ./मुख्य

यातली दोन्ही नावं कॅपिटल-स्मॉलसकट अचूक लागतात : एलडी_डीबग पूर्ण कॅपिटलमध्ये, बाइंडिंग्ज स्मॉलमध्ये. बरंच काही ओतलं जाईल. त्यात गोल_करा शोधा. लिबहप्ता.एसओमधला गोल_कराचा कॉल लिबव्याज.एसओला बांधला, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. लोडर नाव शोधताना आधी मुख्य प्रोग्राम पाहतो, मग एलडी_प्रीलोडने दिलेल्या लायब्ररी, मग बाकीच्या, लिंक करताना दिलेल्या क्रमाने. पहिलं सापडेल ते घेतो. कॉल कुठून आला याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. लिबहप्ताच्या आतला कॉलसुद्धा याच रांगेतून जातो, कारण गोल_करा तिथे डिफॉल्ट आहे.

या वागण्याला इंटरपोझिशन म्हणतात आणि ते मुद्दाम ठेवलेलं आहे. मॅलॉक बदलून मेमरीचा हिशेब ठेवणारी साधनं याच जोरावर चालतात. पण तुमच्या गोल_करासारख्या घरगुती फंक्शनला याची काडीची गरज नाही.

याची किंमत वेगातही मोजावी लागते. नाव बदललं जाऊ शकतं म्हटल्यावर जीसीसी -एफपीआयसी असताना त्या फंक्शनचं इनलायनिंग (कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच ठेवणं) करत नाही, आणि कॉलही वळसा घेऊन जातो. पायथॉन ३.१० चं उदाहरण बोलकं आहे. शेअर्ड लायब्ररी आणि ऑप्टिमायझेशन असे दोन्ही पर्याय घेऊन पायथॉन बांधताना त्यांनी -एफनो-सिमँटिक-इंटरपोझिशन हा पर्याय जोडला. जीसीसीने बांधलेला असा इंटरप्रिटर त्यामुळे ३० टक्क्यांपर्यंत वेगवान झाल्याची नोंद त्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात आहे.

दार बंद करा : स्टॅटिक, मग हिडन

एकाच फाइलमध्ये वापरलं जाणारं फंक्शन असेल तर त्यावर स्टॅटिक लिहा. याहून सोपा आणि पक्का उपाय नाही, आणि यासाठी कुठलाही लिंकर पर्याय लागत नाही. पण आपलं गोल_करा गोल.सीमध्ये आहे आणि त्याला हाक मारणारी व्याज.सी आहे. स्टॅटिक केलं तर व्याज.सीलाच ते मिळणार नाही. इथे हिडन लागतं.

प्रत्येक मदतनीस फंक्शनवर हिडन लिहीत बसू नका, एखादं हमखास राहतं. उलट करा. सगळ्या फाइली या पर्यायाने कंपाइल करा :

-एफव्हिजिबिलिटी=हिडन

आणि बाहेर द्यायच्या फंक्शनवर उघडं असल्याची खूण करा. त्यासाठी हेडरमध्ये एक मॅक्रो ठेवा, समजा व्याज_एपीआय, आणि त्याचा विस्तार असा :

__ॲट्रिब्यूट__((व्हिजिबिलिटी("डिफॉल्ट")))

मग हेडरमधल्या घोषणेत व्याज_काढाच्या आधी व्याज_एपीआय लिहायचं, बस. हेडर उघडणाऱ्यालाही लगेच कळतं की बाहेरचं काय आणि आतलं काय. पुढे विंडोजवर जायचं झालं तरी हाच मॅक्रो कामी येतो, कारण तिथे सांगितल्याशिवाय काहीच बाहेर जात नाही आणि डीएलएलसाठी याच जागी डेक्लस्पेक लिहावं लागतं.

हा कंपाइलर पर्याय जीसीसी ४.० पासून, म्हणजे २००५ पासून आहे. बिल्डसाठी सीमेक वापरत असाल तर सी व्हिजिबिलिटी प्रीसेट ही प्रॉपर्टी हिडन करा, तो योग्य पर्याय स्वतः लावतो.

दोन्ही लायब्ररी पुन्हा बांधून तपासा :

एनएम -डी --डिफाइन्ड-ओन्ली लिबव्याज.एसओ

आता फक्त व्याज_काढा दिसायला हवं. आणि मुख्य कोणत्याही क्रमाने लिंक केलात तरी हप्ता १०३७९.०० च राहील.

एक बारकावा लक्षात ठेवा. हा पर्याय फक्त व्याख्यांना लागू होतो, एक्स्टर्न घोषणांना नाही. काही लोक त्याऐवजी प्रॅग्मा जीसीसी व्हिजिबिलिटी पुश वापरतात. तो मात्र घोषणांनाही लागू होतो. त्या प्रॅग्माच्या आत चुकून एखादं सिस्टिम हेडर आलं, तर कंपाइलर समजतो की ती फंक्शनंही तुमच्याच लायब्ररीत आहेत, आणि लिंक करताना हिडन सिम्बॉल सापडत नाही अशी तक्रार येते. प्रॅग्मा वापरायचाच असेल तर सगळी इन्क्लूड त्याच्या वर ठेवा.

व्हर्जन स्क्रिप्ट : यादी एका फाइलमध्ये

दुसरा मार्ग लिंकरच्या पातळीवरचा. व्याज.मॅप नावाची साधी मजकूर फाइल करायची :

व्याज_१.० {
ग्लोबल: व्याज_काढा;
लोकल: *;
};

आणि लिंक करताना कंपाइलरला द्यायचं : -डब्ल्यूएल,--व्हर्जन-स्क्रिप्ट=व्याज.मॅप. यात डब्ल्यू कॅपिटल, एल स्मॉल, आणि स्वल्पविरामाच्या आधी-नंतर मोकळी जागा नको. स्क्रिप्टमधले ग्लोबल आणि लोकल हे शब्द स्मॉलमध्ये.

लोकल: * ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती विसरलात तर स्क्रिप्टने नावांना फक्त आवृत्ती चिकटते, झाकलं काहीच जात नाही.

मग दोन्हींपैकी कोणतं निवडावं? जमत असेल तर दोन्ही. हिडनमुळे कंपाइलरला आधीच कळतं की हे नाव आतलंच आहे, त्यामुळे कोड चांगला निघतो. व्हर्जन स्क्रिप्ट कंपाइल झाल्यानंतर येते, तेव्हा हातातून गेलेलं इनलायनिंग परत मिळत नाही. दुसरीकडे, बाहेरची सगळी नावं एका फाइलमध्ये दिसणं हा देखभालीच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. बदल करणाऱ्याला ती फाइल उघडावीच लागते, आणि तिच्यातला फरक कोड रिव्ह्यूमध्ये लपत नाही. मात्र हिडन केलेलं नाव स्क्रिप्टमध्ये ग्लोबल म्हणून लिहिलं तरी ते बाहेर येत नाही. लिंकर हिडनचाच मान ठेवतो.

स्क्रिप्टमध्ये असं नाव लिहिलं की जे लायब्ररीत नाहीच, तर जीसीसीसोबत सहसा येणारा लिंकर जीएनयू एलडी ते निमूट सोडून देतो. क्लँगच्याच प्रकल्पातला लिंकर एलएलडी मात्र आवृत्ती १६ पासून याला एरर समजतो. एलएलडीवर गेल्यावर अचानक लिंक अडलं तर आधी इथे पाहा. माझ्या मते एलएलडीचंच बरोबर आहे, कारण यादीत चुकीचं टाइप झालेलं नाव तेव्हाच पकडलं जातं.

आवृत्त्यांचा खरा उपयोग पाहायचा तर जीलिबसीकडे, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीकडे, पाहा. एक्स८६-६४ वर तिच्यात मेमरीची नक्कल करणारं मेमसीपीवाय हे फंक्शन दोन आवृत्त्यांत आहे, एक २.२.५ ची आणि एक २.१४ ची. एकमेकांवर चढलेल्या जागांवर मेमसीपीवाय वापरणारे जुने प्रोग्राम नव्या वेगवान अंमलबजावणीने मोडू लागले होते. त्यामुळे जुन्या आवृत्तीला बांधलेल्या प्रोग्रामना मेममूव्हसारखं सुरक्षित वागणं मिळतं, नवे प्रोग्राम नव्या आवृत्तीला बांधले जातात. नव्या मशीनवर बांधलेला प्रोग्राम जुन्या सर्व्हरवर नेला की जीलिबसी_२.३४ सापडली नाही असा जो निरोप येतो, तोही याच यंत्रणेतून येतो. उपाय एकच : ज्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर चालवायचं आहे, तिथे किंवा तिच्या कंटेनरमध्ये बांधा.

दुसऱ्याचा कोड तुमच्या लायब्ररीत आला तर

तुमच्या लायब्ररीत तुम्ही झेडलिबसारखं (ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) एखादं स्टॅटिक आर्काइव्ह, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचा .ए गठ्ठा, मिसळलंत, तर त्याची फंक्शनं तुमच्या -एफव्हिजिबिलिटी=हिडनला जुमानत नाहीत. ती आधीच कंपाइल होऊन आलेली असतात. परिणाम असा की तुमची लायब्ररी तिची जुनी झेडलिब साऱ्या प्रोसेसला वाटत सुटते. लिंक करताना एवढं जोडा :

-डब्ल्यूएल,--एक्स्क्लूड-लिब्ज,ऑल

ऑल कॅपिटलमध्ये. आर्काइव्हमधून आलेली सगळी नावं यामुळे हिडनसारखी वागतात. पायथॉनचं एक्स्टेन्शन मॉड्यूल बांधत असाल तर हे जरूर करा, तिथे पायइनिटने सुरू होणारं एकच नाव बाहेर जायला हवं.

याहून अवघड प्रसंग : दोन विक्रेत्यांची दोन आर्काइव्ह, दोन्हींत सीआरसी३२ नावाचं फंक्शन, सोर्स कोड कुणाचाच हातात नाही. लिंकर मल्टिपल डेफिनिशन म्हणून थांबतो. इथे ऑब्जेक्ट फाइलीत फेरफार करणारं ऑब्जकॉपी हे साधन उपयोगी पडतं :

ऑब्जकॉपी --रीडिफाइन-सिम सीआरसी३२=पहिला_सीआरसी३२ पहिला.ए पहिला_नवा.ए

आर्काइव्हच्या सगळ्या फाइलींमध्ये व्याख्या आणि वापर दोन्हीकडचं नाव बदलतं, त्यामुळे आतली जुळणी बिघडत नाही. मूळ आर्काइव्ह तसंच ठेवून नवं वेगळं करा.

--प्रीफिक्स-सिम्बॉल्स हा पर्याय पाहून मोह होईल, कारण तो सगळ्या नावांना एका फटक्यात उपसर्ग लावतो. सगळ्या म्हणजे मॅलॉक आणि मेमसीपीवायसारख्या बाहेरून येणाऱ्या नावांनाही. त्यानंतर लिंक होणारच नाही. त्यापासून दूर राहा.

नाव बदलण्याऐवजी लपवायचं असेल तर --लोकलाइझ-सिम्बॉल आहे. पण ते फाइल-फाइलवर चालतं. सीआरसी३२ ज्या फाइलमध्ये आहे तिथे ते लोकल केलंत, आणि आर्काइव्हमधली दुसरी फाइल त्याला हाक मारत असेल, तर ती हाक वाऱ्यावर जाते. म्हणून क्रम असा ठेवा. आधी एलडी -आर --होल-आर्काइव्ह वापरून सगळ्या फाइलींची एकच ऑब्जेक्ट फाइल करा. मग ऑब्जकॉपीला --कीप-ग्लोबल-सिम्बॉल देऊन हवी तेवढीच नावं ग्लोबल ठेवा, बाकीची आपोआप लोकल होतील. सी++ च्या आर्काइव्हवर हे करताना जपून, टेम्प्लेटची नावं त्यात गुंतलेली असतात.

आणि हो, ऑब्जकॉपीची ही जादू ऑब्जेक्ट फाइलवर आणि आर्काइव्हवरच चालते. तयार शेअर्ड लायब्ररीवर चालवली तर आतलं टेबल बदलतं, पण डायनॅमिक सिम्बॉल टेबल जसंच्या तसं राहतं, म्हणजे लोडरच्या दृष्टीने काहीच बदललं नाही.

वीक : कुठे लावावं, कुठे नाही

वीकचा सगळ्यात चोख वापर मायक्रोकंट्रोलरच्या जगात दिसतो. आर्म कॉर्टेक्स-एमच्या स्टार्टअप फाइलीत प्रत्येक इंटरप्टचं हँडलर वीक म्हणून डिफॉल्ट_हँडलरला जोडलेलं असतं, आणि ते सहसा नुसतं फिरत राहणारं लूप असतं. तुम्ही त्याच नावाचं साधं फंक्शन लिहिलंत की लिंकर तुमचं घेतो. स्टार्टअप फाइलीला हात लावावा लागत नाही. मात्र हँडलरच्या नावात एक अक्षर जरी चुकलं, तरी एरर येत नाही, बोर्ड त्या लूपमध्ये अडकतो. तेव्हा एनएम लावून पाहा. हँडलरसमोर अजून डब्ल्यू असेल तर तुमचं फंक्शन जोडलंच गेलेलं नाही. लिनक्स कर्नलमध्येही हीच रीत आहे : सर्वसाधारण फंक्शन वीक, आणि विशिष्ट प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये त्याचं पक्कं रूप.

दुसरा वापर ऐच्छिक सोयीचा. एखादं फंक्शन वीक म्हणून फक्त घोषित करायचं. ते कुठेच सापडलं नाही तर लिंकर रागावत नाही, त्याचा पत्ता शून्य ठेवतो. कॉल करण्याआधी पत्ता तपासायचा.

आता सापळे. पहिला आणि सगळ्यात फसवा : व्याख्या नसलेल्या वीक नावासाठी लिंकर आर्काइव्हमधून फाइल बाहेर काढत नाही. फंक्शन आर्काइव्हमध्ये आहे, आर्काइव्ह आज्ञेत आहे, तरी पत्ता शून्य. थ्रेड वापरणारे सी++ प्रोग्राम पूर्ण स्टॅटिक लिंक केल्यावर सुरू होताच कोसळायचे, त्यामागे हेच कारण असायचं. पीथ्रेड या थ्रेडच्या लायब्ररीला --होल-आर्काइव्हमध्ये गुंडाळणं हा त्यावरचा रूढ उपाय होता. ऑगस्ट २०२१ च्या जीलिबसी २.३४ मध्ये पीथ्रेड मुख्य लिबसीतच मिसळलं आणि या त्रासाचं मूळ गेलं. तुमच्या स्वतःच्या आर्काइव्हबाबत मात्र सापळा तसाच आहे.

दुसरा सापळा : वीकला प्राधान्य नसणं हे फक्त लिंकरपुरतं. चालताना लोडर वीक आणि ग्लोबल यांत फरक करत नाही, पहिलं सापडेल ते घेतो. जीलिबसी २.२ च्या आधी वेगळं होतं, जुन्या लेखांत तसं वाचायला मिळेल. शेअर्ड लायब्ररीत वीक लिहून पुढच्या लायब्ररीतलं पक्कं फंक्शन घेतलं जाईल अशी आशा ठेवू नका.

सी++ च्या लायब्ररीवर एनएम चालवून डब्ल्यूची लांबलचक रांग दिसली तर दचकू नका. इनलाइन फंक्शनं आणि टेम्प्लेट अनेक फाइलींत तयार होतात, त्यातलं एक ठेवता यावं म्हणून ती वीकच असतात. --डीमँगल लावा म्हणजे नावं वाचता येतील, आणि कंपाइल करताना -एफव्हिजिबिलिटी-इनलाइन्स-हिडन दिलंत तर बाहेरची यादी बरीच आटोपशीर होते. बाहेर फेकले जाणारे एक्सेप्शनचे क्लास मात्र उघडेच ठेवा. काही प्लॅटफॉर्मवर टाइपची ओळख पत्त्यावरून पटते, आणि क्लास झाकला की पलीकडचा कॅच तो पकडत नाही.

चाचणीसाठी रॅप

बँकेच्या सर्व्हरला हाक मारणारं फंक्शन चाचणीत खोटं करायचं असेल तर सोर्स बदलण्याची गरज नाही. लिंकरला -डब्ल्यूएल,--रॅप=बँक_हाक द्या. बँक_हाकला गेलेले कॉल आता __रॅप_बँक_हाककडे जातात, ते तुम्ही लिहायचं. त्याच्या आतून मूळ फंक्शन हवंच असेल तर __रिअल_बँक_हाक म्हणा. यात फक्त बाहेरून व्याख्या मागणारे कॉल वळतात. फंक्शन आणि त्याला हाक मारणारा कोड एकाच फाइलमध्ये असेल तर काहीच होणार नाही, फाइली वेगळ्या कराव्या लागतील.

-बीसिम्बॉलिक-फंक्शन्स हाही पर्याय वाचनात येईल, बी कॅपिटल. तो लायब्ररीतल्या फंक्शनचे आतले कॉल आतच बांधतो, पण नावं बाहेर दिसतच राहतात. जुन्या, मोठ्या लायब्ररीत हिडन लावणं लगेच शक्य नसेल तर कामचलाऊ म्हणून चांगला. नव्या लायब्ररीत हिडनच.

अडलात तर

अनडिफाइन्ड रेफरन्स आला आणि फंक्शन तर समोर दिसतंय, तर क्रमाने तीन गोष्टी पाहा. सी++ मधून सी फंक्शनला हाक मारताना एक्स्टर्न सी राहिलं का? आज्ञेत आर्काइव्ह ते वापरणाऱ्या फाइलच्या आधी आलं का? ते नंतर हवं. आणि तिसरं, ज्या लायब्ररीत ते आहे तिथे ते हिडन झालं का? हिडन सिम्बॉल रेफरन्स्ड बाय डीएसओ (डीएसओ म्हणजे शेअर्ड लायब्ररी) असा निरोप आला तर तोच प्रकार, आतलं नाव बाहेरून मागितलं जातंय.

अचानक मल्टिपल डेफिनिशन आणि तेही हेडरमधल्या व्हेरिएबलवर, तर जीसीसी १० किंवा पुढची आवृत्ती वापरताय का ते पाहा. तिथून -एफनो-कॉमन हे मूळ वागणं झालं. पूर्वी हेडरमध्ये एक्स्टर्न न लिहिता ठेवलेलं, किंमत न दिलेलं व्हेरिएबल अनेक फाइलींत खपून जायचं, आता नाही. हेडरमध्ये एक्स्टर्न लिहा आणि व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवा. जुना पर्याय लावून दडपू नका.

रिकम्पाइल विथ -एफपीआयसी असं आलं तर कुठली तरी ऑब्जेक्ट फाइल, बहुधा एखाद्या आर्काइव्हमधली, त्या पर्यायाशिवाय कंपाइल झाली आहे. निरोपात त्या फाइलचं नाव असतं.

लायब्ररी लिंक करताना -डब्ल्यूएल,-झेड,डेफ्स नेहमी लावा. शेअर्ड लायब्ररीत व्याख्या नसलेली नावं राहिली तरी लिंकर एरवी गप्प बसतो, आणि चूक वापरणाऱ्याच्या मशीनवर उघडी पडते.

शेवटचं काम बिल्डमध्ये कायमचं बसवायचं. एनएम -डी --डिफाइन्ड-ओन्ली चं आउटपुट पत्त्यांचा रकाना काढून, क्रम लावून एका फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल गिटमध्ये घाला. प्रत्येक बिल्डनंतर नवी यादी काढून डिफने जुनीशी ताडून पाहायची. फरक निघाला तर बिल्ड नापास. नवं नाव मुद्दाम उघडलं असेल तर साठवलेली फाइल त्याच कमिटमध्ये बदलायची. फंक्शनचे पॅरामीटर किंवा स्ट्रक्टची रचना बदलली तर ही यादी काही बोलत नाही, त्यासाठी लिबॲबिगेलमधलं ॲबिडिफ वापरा. ते डीबग माहिती वाचतं, म्हणून दोन्ही लायब्ररी -जी लावून बांधलेल्या हव्यात.